चिकाटी नावाचा गोंद

पिंपळदोहच्या मुलींच्या वसतिगृहात जेवणघरात घाण वास येतो अशी पहिली तक्रार झाली, तेव्हा कांताबाई नावाच्या सफाईवाल्या बाईला कामावरून काढून टाकलं. दुसरी तक्रार झाली, तेव्हा मोऱ्या फोडून नव्या बांधल्या. तिसऱ्या वेळी नववीतल्या एका मुलीने थेट जिल्ह्याच्या तक्रार खिडकीवर लिहून कळवलं, की आमच्या कढीत वरून काहीतरी काळं पडतं आणि चमच्याने उचललं तर त्याची तार निघते. तेव्हा कुठे कुणाच्या तरी डोक्यात आलं, की वास जमिनीतून नाही, छपरातून येत असेल. मग ते छप्पर पुरवणाऱ्या कारखान्याने आपल्या परवानाधारक जोड-तपासनीस सारिका वैरागडे यांना तिकडे धाडलं.

ही २०४१ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. सिमेंटवर तेव्हा असा जबर कर बसला होता की सरकारी इमारती लाकडाच्या आणि पोलादाच्या होऊ लागल्या होत्या. बल्लारशाजवळच्या वनलोह कारखान्यात सागाच्या तुळयांना पोलादी पट्ट्या चिकटवून वीस-वीस मीटरची छपरं तयार होत. सारिका तिथे सोळा वर्षं काम करत होती. जोड खेचायचे, किती ओझ्याला सुटतात ते बघायचं आणि सुटले नाहीत तर सही करायची, हे तिचं काम. तिच्या सहीशिवाय एक तुळई फाटकाबाहेर जात नसे.

लाकूड आणि लोखंड यांचा संसार मुळातच कटकटीचा. लाकूड पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं. लोखंडाला पाण्याने फुगणं ठाऊक नाही. ते उन्हाने लांबतं. म्हणजे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला की पट्टी लांब व्हायला बघते आणि नेमकी तेव्हाच तुळई आक्रसत असते. मधल्या गोंदाची दोन्हीकडून ओढाताण. इपॉक्सी वापरला तर तो काचेसारखा कडक. पकड जबरदस्त, पण चार उन्हाळ्यांत तडकतो. पॉलियुरेथेन रबरासारखं लवतं, पण डोक्यावर कायमचं ओझं असलं की केसभर केसभर सरकत जातं. त्यातून साग तर अंगचाच तेलकट. रंधा मारून तास झाला नाही तोच तेल वर येतं आणि गोंद नुसता वरवर बसतो.

सहा वर्षांपूर्वी गोंद निवडायला पाच जणांची समिती बसली, तेव्हा चौघांनी सारिकाकडे बघितलं होतं. तिने निवडला तो तिसराच. खडकाला धरून राहणारे शिंपले लाटांच्या माऱ्यातही सुटत नाहीत, कारण त्यांच्या धाग्यांत कॅटेकॉल नावाचा रेणू असतो. तो लोखंडाचे कण चिमटीत धरल्यासारखे पकडतो. शास्त्रज्ञांनी हा रेणू बनवणारे जिवाणू घडवले आणि त्यांना लवचीक गोंदात झोपवून ठेवलं. गोंदाला तडा गेला, त्यातून दमट हवा आत शिरली, की जिवाणू जागे होत, गोंदातलीच साखर खात, नवा चिकट पदार्थ तयार करून तडा बुजवत आणि पुन्हा झोपी जात. जखम आपली आपण भरून काढणारा गोंद! सारिकाने त्याचे ऐंशी नमुने उकळले, गोठवले, भाजले, खेचले. तिचा नवरा हेमंत त्याच कारखान्यात ग्राहक विभाग सांभाळायचा. त्याने गोंदाला नाव सुचवलं, चिकाटी. सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

आता पिंपळदोहला जाताना गाडीत तिच्यासोबत ताजू मिस्त्री होते. ताजुद्दीन शेख, वय सदुसष्ट. कारखान्यातले सगळ्यांत जुने सुतार. यंत्रं आल्यावर त्यांच्याकडे काही विशेष काम उरलं नव्हतं. पण जागेवर जाऊन पटाशी चालवायची वेळ आली की सारिका त्यांनाच घेऊन जायची.

जेवणघराच्या दारात पाऊल ठेवलं आणि आधी मोगरा आला. गोड, दाट, लग्नघरासारखा. सारिकाला वाटलं, कुणी अत्तर सांडलं की काय. दोन पावलं आत गेल्यावर त्या मोगऱ्याखालून दुसरा वास वर आला. मेलेल्या उंदराच्या गळ्यात गजरा घालावा तसं काहीतरी. तो वास नाकात थांबत नव्हता. जिभेवर येऊन बसत होता. तिने रुमाल काढला आणि समोर बाकांवर जेवणाऱ्या मुली पाहून परत ठेवून दिला. एकशे तीस मुली होत्या. कुणी नाक धरलं नव्हतं. सवय झाली होती. मधल्या तुळईखालची जागा मात्र खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती, जणू तिथून एखादा नाला वाहतो आहे.

गृहपाल सुनंदा मडावी घाईघाईने पुढे आल्या. "बघा मॅडम, एकदाचं सर्टिफिकेट देऊन टाका. पोरींची सहामाही तोंडावर आहे. जिल्ह्यातून रोज फोन येतात."

शिडी लावून सारिकाने जोडावर यंत्र चढवलं. जोडाच्या आत बसवलेले संवेदक भिंतीवरच्या पाटीवर हिरवा दिवा दाखवत होतेच. यंत्रानेही तेच सांगितलं. जोड नवा असताना जेवढा मजबूत होता, त्याच्या एकशे अठरा टक्के! सहा वर्षांत जोडाची ताकद अठरा टक्क्यांनी वाढली होती. मडावी मॅडमच्या तोंडावर हसू आलं.

"म्हणजे छप्पर चांगलं आहे ना?"

"जोड चांगला आहे," सारिका म्हणाली.

"मग वास कशाचा?" बाकावरून एका मुलीने विचारलं. दोन वेण्या, डोळ्यांत धीटपणा. तक्रार करणारी रोशनी कोवे ती हीच. "आधी म्हणाले कांताबाईंचा. मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांचे हात हुंगले होते. त्या गेल्या, वास आहेच."

मडावी मॅडमनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तोवर ताजू मिस्त्री शिडीवर चढले होते. त्यांनी तुळईवर लाकडी हातोडीने ठोकलं. पट्टीजवळ टणत्कार आला. वीतभर सरकून ठोकलं, तर आवाजच बसला. धप्प, सडक्या टरबुजावर थाप मारावी तसा.

"मॅडम, लाकूड मेलं जी," ते वरूनच म्हणाले.

"कसं मरेल मिस्त्री? साग आहे."

"साग होय ना. पण गाभा कुठी हाय? हे सारं सालीजवळचं पांढरं लाकूड. बारा वर्साचं पोरगं कापून आणलं यांनी." त्यांनी पिशवीतून भोक पाडायचं गिरमिट काढलं. "थांबा, दाखवतो."

गिरमिट फिरायला लागलं. पहिलं बोटभर लाकूड शिंगासारखं कडक लागलं, भुसा निघाला. मग एकदम गिरमिट मुठीपर्यंत आत गेलं. मिस्त्रींचा तोल जाता जाता राहिला. त्यांनी ते बाहेर खेचलं आणि त्यामागून एक काळपट निळा, शेंबडासारखा लोळ हळूहळू बाहेर आला. तुटला नाही. लोंबत, लांबत, डुलत खाली आला. त्यात लाकडाचे बारीक धागे होते, न शिजलेल्या मांसाच्या शिरांसारखे. शिडी धरून उभ्या असलेल्या सारिकाच्या मनगटावर त्याचं टोक टेकलं. कोमट होतं ते.

बाहेर नळावर जाऊन ती कितीतरी वेळ हात धूत राहिली. साबण संपला. चिकटपणा गेला, पण कातडीच्या रेघांत निळं-काळं उतरलं होतं ते उतरूनच राहिलं. तिच्या मागे ताजू मिस्त्री येऊन उभे राहिले.

"माहे अब्बा वैनगंगेवर डोंगे बनवत," ते म्हणाले. "लोखंडाचा खिळा मारू देत नव्हते. म्हणत, पाणी लागलं का खिळा गंजते, न् गंज लाकडात उतरते. खिळ्याच्या आजूबाजूचं लाकूड काळं पडते न् मऊ होते. खिळा मजबूत राहते, डोंगा बुडते."

सारिकाने बाटलीत तो लोळ भरून घेतला. सर्टिफिकेट दिलं नाही. मधलं बाक ओस आहे तसंच राहू द्या, एवढंच मडावी मॅडमना सांगून ती निघाली.

प्रयोगशाळेत तिला तीन दिवस लागले. जे कळलं ते ताजू मिस्त्रींच्या वडिलांनी सांगितलेलंच होतं, फक्त त्याला पाय फुटले होते. गोंदातली साखर सहा वर्षांत संपली होती, पण जिवाणू झोपले नव्हते. स्वयंपाकाच्या वाफेने तुळई कायम ओली. आणि कोवळ्या पांढऱ्या लाकडात पिठूळ साखर भरपूर. ते गोंद सोडून लाकडात शिरले. जाताना कॅटेकॉल घेऊन गेले, आणि कॅटेकॉलच्या चिमटीत पट्टीचं लोखंड. लोखंड, कॅटेकॉल आणि पाणी एकत्र आले की लाकडाचे धागे तुटायला लागतात. जंगलात पडलेल्या ओंडक्याला बुरशी अशीच खाते. जोडाजवळचं बोटभर लाकूड तेवढं गोंद पिऊन शिंगासारखं होतं. यंत्र नेमकं तेवढंच खेचून बघत होतं. म्हणून आकडे वाढत होते. जिवाणू तुळई खाऊन जोड पोसत होते.

जुन्या सागाच्या गाभ्यात हे झालं नसतं. त्याच्या तेलाने जिवाणू मरतात. तिचे ऐंशीच्या ऐंशी नमुने डेपोतल्या जुन्या सागाचे... इथे तिचा विचार अडखळला. तो तिने बाजूला सारला आणि राहिलेली एक गोष्ट तपासायला घेतली.

मोगरा.

लोळात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक गोळ्या सापडल्या. ओल लागली की फुटणाऱ्या, आत मोगऱ्याचं अत्तर. तिने मंजूर केलेल्या गोंदात हे नव्हतं. तिने कृतीतले बदल काढून पाहिले. दोन वर्षांपूर्वीची एक ओळ होती: घटक क्रमांक अकरा, गंधसुधारक. कारण: ग्राहकांच्या तक्रारी. तांत्रिक तपासणीची गरज नाही. तुळयांत सोडण्यासाठी पिचकारीची सोय. आणि खाली सही, हेमंत वैरागडे.

सारिका खुर्चीत मागे रेलली. दोन वर्षं. म्हणजे वास दोन वर्षांपूर्वीच आला होता. कारखान्याने गिरमिट घेतलं नव्हतं. अत्तर घेतलं होतं. आणि जुन्या इमारतींत माणसं पाठवून, पिचकाऱ्या भरून, सडक्या लाकडात मोगरा सोडला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. हेमंत सकाळी पोहे खात बसला होता. हेमंत वाईट माणूस नव्हता. सारिकाच्या आईच्या आजारपणात त्याने सहा महिने त्यांचं अंग पुसलं होतं. शेजाऱ्यांच्या अडीनडीला तोच आधी धावायचा. म्हणूनच सारिकाला कसं बोलावं ते सुचेना. तिने बाटली टेबलावर, पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"अगं, खाताना काय हे!"

"मुली खाताना हेच बघतात. घटक अकरा तू घातलास?"

त्याने चमचा भरून तोंडात घातला आणि चावता चावता म्हणाला, "वासाच्या तक्रारी होत्या, सारिका. वासाचं काम माझ्याकडे येतं. ताकदीची एक तक्रार दाखव."

"वास कशाचा आहे, कुणी विचारलं नाही?"

"विचारलं की. डायरेक्टर म्हणाले, जिवंत गोंद आहे, वास येणारच. दुधाला नाही येत?" त्याने पोह्यांतली मिरची बाजूला काढली. "हे बघ, कारखान्याची माणसं बारा दिवसांत तुळयांना रंग मारून देतायत. जाड, रबरी रंग. एक थेंब खाली येणार नाही. तू फक्त जोडाचा रिपोर्ट दे. जोड पास आहे ना? खोटं लिही असं कुणी म्हणतं का?"

"तुळई आतून लगदा झालीय, हेमंत. खाली एकशे तीस पोरी जेवतात."

"छप्पर आहे तिथे. सहा वर्षं आहे. एकसष्ट इमारती उभ्या आहेत आणि एकसष्टांवर तुझी सही आहे. एक मोडीत काढलीस की सगळ्या निघतील. कारखान्यात चारशे माणसं आहेत. ताजू मिस्त्रीसुद्धा त्यांतच." त्याने आवाज मऊ केला. "आणि तू तरी काय ग... चौदा नंबरचा नमुना आठवतो ना?"

सारिकाने टेबलावरची बाटली आपल्याकडे ओढून घेतली.

ऐंशी नमुन्यांतले सगळेच गाभ्याचे नव्हते. चौदावा चुकून पांढऱ्या लाकडाचा आला होता. ओल्या खोलीत चार महिने ठेवल्यावर त्याला वास आला आणि कडेला काळं पाणी सुटलं. समितीची बैठक दोन दिवसांवर. तिने स्पिरिटने पुसला, पुन्हा खेचला. पास झाला. वहीत "पास" लिहिलं आणि नमुना भट्टीत टाकला. त्या संध्याकाळी जेवताना तिनेच हेमंतला हसत हसत सांगितलं होतं, एक नमुना असला घाणेरडा निघाला, की जेवण जाईना.

"आठवतो," ती म्हणाली.

"मग झालं तर. तूही पुसलंस, मीही पुसलं. सगळं जग असंच चालतं, सारिका. चहा टाकतेस?"

त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला एक पोहा चिकटला होता. वीस वर्षं ती अशा वेळी सहज हात पुढे करून तो काढत आली होती. आज तिच्याच्याने तिकडे बघवेना. त्याचं चावणं, त्याचा तो समजूतदार आवाज, त्याच्या शर्टाला कारखान्यातून लागलेला मोगरा. आणि त्याहून जास्त, त्याच्या "तूही" या शब्दात असलेला खरेपणा. ती उठून मोरीत गेली आणि तिला उलटी झाली. हेमंत मागून धावत आला, तिची पाठ चोळू लागला. "पित्त झालं असेल," तो म्हणाला. त्या हाताखालून बाजूला सरायलाही तिला जोर करावा लागला.

परवानाधारक तपासनिसाला एक अधिकार असे. धोका दिसला तर इमारतीवर लाल मोहोर मारून ती तिथल्या तिथे बंद करायची. पण त्या इमारतीचा जुना दाखला स्वतःचाच असेल, तर तो चुकीचा होता असं लिहून द्यावं लागे; आणि त्या घटकेला परवाना जाई. म्हणून स्वतःच्या इमारतीवर मोहोर मारलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. सारिकाने सोमवारी सकाळी तो कागद लिहिला. चौदा नंबरच्या नमुन्याचंही लिहिलं, भट्टीसकट. मोहोर पिशवीत टाकली आणि ताजू मिस्त्रींना फोन केला.

"मिस्त्री, तुमचीही नोकरी जाईल बरं का."

"मॅडम, सदुसष्ट वर्साच्या म्हाताऱ्याची काय नोकरी न् काय चाकरी," ते म्हणाले. "फाटकावर उभा हाय. या."

दोघं पिंपळदोहला पोचली तेव्हा जेवणाची घंटा झाली होती आणि हेमंत त्यांच्याआधीच येऊन बसला होता. सर्टिफिकेट अडलं म्हणून डायरेक्टरनीच पाठवलं होतं त्याला. मडावी मॅडमच्या टेबलावर वनलोहचं पत्र होतं: जोड एकशे अठरा टक्के मजबूत, तपासनीस बाई घाबरल्या आहेत, इमारत सुरक्षित.

सारिकाने आपला कागद त्या पत्रावर ठेवला. "मुलींना बाहेर काढा."

मडावी मॅडमनी दोन्ही कागद वाचले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मी कुणाचं ऐकू? एकशे तीस पोरी कुठे नेऊ? गावात मंगल कार्यालय आहे, तिथे संडास दोन. काही झालं तर माझ्यावर येईल. नाही झालं तरी माझ्यावर येईल."

"काही होणार नाही," हेमंत हसून म्हणाला. त्याचं हसणं लोकांना धीर देणारं होतं; तीच त्याची नोकरी होती. "सारिका खूप थकलीय, मॅडम. मी तिचा नवरा आहे, मला कळतं. इमारत भक्कम आहे. मी स्वतः सांगतो ना."

सारिका वाढपाच्या टेबलाशी गेली. एक ताट घेतलं. भात घेतला, त्यावर वरण, आलू-वांग्याची भाजी, दोन पोळ्या. मग ते ताट मधल्या तुळईखालच्या ओस बाकावर नेऊन ठेवलं.

"सकाळपासून जेवला नसशील," ती म्हणाली. "बस. जेवून घे."

हेमंतने सगळीकडे बघितलं, खांदे उडवले आणि जाऊन बसला. "अरे वा, वांगं," तो मोठ्याने म्हणाला. भात कालवला. पहिला घास उचलला आणि तोंडाशी नेता नेता त्याची नजर वर गेली. ताजू मिस्त्रींनी पाडलेल्या भोकाच्या कडेला एक थेंब धरला होता. काळा, चकचकीत. पडत नव्हता, नुसता लांबत होता.

हेमंतने घास खाल्ला. मग ताट वीतभर डावीकडे सरकवलं. सहज, बोलता बोलता. "भाजी छान आहे हो मॅडम." दुसरा घास. पुन्हा वर बघितलं. ताट पुन्हा सरकलं, आणि ताटामागे तोही. तिसऱ्या घासाला ताट, पाण्याचा पेला आणि हेमंत वैरागडे, तिघंही तुळईच्या सावलीतून पुरते बाहेर आले होते.

"सर," शेजारच्या बाकावरून रोशनी कोवे म्हणाली, "आम्हीपण तिकडेच सरकतो."

कुणी हसलं नाही. हेमंतने आपल्या ताटाकडे बघितलं, मग बाकाकडे, जिथे तो आधी बसला होता. त्याचा चेहरा उतरला. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला.

मडावी मॅडम खुर्चीवरून उठल्या. "पोरींनो, ताटं तिथेच राहू द्या. वह्या-पुस्तकं घ्या, अंथरुणं घ्या. रांगेने बाहेर. लहान आधी." मग त्या सारिकाकडे वळून हळूच म्हणाल्या, "कांताबाई इथून दोन गल्ल्या सोडून राहते. मला तिच्याकडे जायचंय आधी."

सारिकाने दारावर लाल मोहोर मारली. तीनदा मारली, कारण पहिल्या दोन नीट उमटल्या नाहीत.

छप्पर मुलींच्या डोक्यावर पडलं नाही. पडलंच नाही ते. नऊ दिवसांनी चौकशी समितीच्या देखत क्रेनने मधली तुळई उचलली तेव्हा ती हवेत, पाण्यात बुडवलेल्या पावासारखी, स्वतःच्या वजनाने दुभंगली. आतला लगदा बाकांवर सांडला. समितीतल्या एका साहेबांनी तिथेच तोंडाला रुमाल लावून पळ काढला. पुढे एकसष्टांपैकी बावीस इमारती रिकाम्या करण्यात आल्या. वनलोहला कुलूप लागलं. सारिकाचा परवाना गेला आणि चौदा नंबरसाठी तिच्यावर खटला उभा राहिला. तिने वकील दिला नाही. कांताबाईंना मडावी मॅडमनी मुलींसमोर हात जोडले. कामावर परत या म्हटल्यावर कांताबाई एवढंच म्हणाल्या, "येईन. पण तुमच्या हातचा चहा मी घेणार नाही."

दिवाळीच्या आधी एका दुपारी हेमंत घरी आला. तो नागपूरला भावाकडे राहत होता. दाढी वाढली होती. अंगाला कसलाच वास नव्हता. साध्या साबणाने आंघोळ केलेली असावी. सारिका तांदूळ निवडत बसली होती.

"मी काल जबाब दिला," तो म्हणाला. "पिचकाऱ्यांचं, डायरेक्टरांच्या फोनचं, सगळं. कागदही दिले. मलाही शिक्षा होईल, म्हणाले."

"बरं केलंस," ती म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "त्या दिवशी ताट मी मुद्दाम नाही सरकवलं ग. हात आपोआप गेला. रात्रंदिवस तेच दिसतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, की मला ठाऊकच नाही. आणि हाताला ठाऊक होतं."

सारिकाने सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

"तुला माझी अजून किळस येते?" त्याने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. त्याचे डोळे लाल होते, आणि सहा महिने तिच्या आईचं अंग पुसणारा माणूसही हाच होता, हे ती विसरली नव्हती. तिने आपले हात पाहिले. मनगटावरच्या निळ्या रेघा आता फिक्या झाल्या होत्या.

"येते," ती म्हणाली. "माझीही येते मला. पण माझ्याबरोबर मला राहावंच लागणार आहे, हेमंत. तुझ्याबरोबर नाही."

तो उठला. दारापर्यंत गेला, चपला घातल्या. सारिका सूप घेऊन तशीच बसून राहिली. तो जिना उतरून गेल्यावर तिने तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले, कारण आधी निवडलेले कुठले आणि राहिलेले कुठले, ते आता तिला ओळखू येईना.